पत्रिकेखालची ओळ

औरंगाबादेतल्या गारखेड्यात पुंजारामइतका इमानदार माणूस दुसरा नव्हता, आणि ही गोष्ट गारखेड्याला पुंजारामनंच सांगून ठेवली होती. एकदा कन्नडच्या स्टँडवर उतरल्यावर त्याच्या लक्षात आलं की गर्दीत कंडक्टरकडून आपलं तिकीट फाडायचं राहून गेलं. दुसरा कुणी असता तर मनात हसून घरी गेला असता. पुंजारामनं कंडक्टरला कँटीनमध्ये गाठलं, त्याच्या हातातला भज्यांचा कागद खाली ठेवायला लावला आणि तिकीट फाडून घेतलं. एवढं करून गप्प बसला असता तर देवमाणूस म्हणून खपला असता. पण ते तिकीट त्यानं दुकानातल्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं. आलेल्या गिऱ्हाइकाची नजर तिकडं गेली नाही, तर तो उगाच काच पुसायला घ्यायचा.

दुकान होतं कॉम्प्युटरवर मराठी अक्षरजुळणी करून देण्याचं. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात हजेरी लावण्याचं काम करता करता त्यानं पाहिलं की शहराच्या चारी बाजूंनी नवेनवे कारखाने उठतायत, सगळ्यांना मराठी नोटिसा लागतात, आणि खिळे जुळवणारे जुने छापखाने मागं पडत चाललेत. त्यानं नोकरी सोडली, गाळा घेतला, कॉम्प्युटर आणि लेझर प्रिंटर मांडला आणि बायकोच्या नावानं पाटी लावली, 'द्वारका अक्षरजुळणी'. मशीनवर मुलगी लक्ष्मी बसायची. तिची बोटं चालायला लागली की पाऊस पडल्यासारखा आवाज यायचा. पुंजाराम स्वतः दोन बोटांनी टाइप करायचा आणि मध्येमध्ये बोटांना विश्रांती द्यायचा.

ते दिवस पत्रकांचे होते. विद्यापीठाच्या नामांतराचा झगडा सोळा वर्षं चालून त्या जानेवारीत नामविस्तारावर येऊन मिटला होता. त्याआधीचं अख्खं वर्ष शहरात पत्रकांवर पत्रकं निघत होती. नाव दिलंच पाहिजे म्हणणारे सकाळी यायचे, देऊ देणार नाही म्हणणारे दुपारी. ज्यांची घरं त्या झगड्यात जळाली होती, त्यांच्या पुढ्यात बसून पुंजाराम शांतपणे ऱ्हस्व-दीर्घ तपासायचा, आणि दुपारच्या लोकांचंही तसंच. स्वतःचं मत त्यानं कुणालाच सांगितलं नाही. याला तो धंद्याची शिस्त म्हणायचा. द्वारकाबाई याला वेगळा शब्द वापरायची, पण तो स्वयंपाकघरात.

त्या वर्षी पोलिसांनी एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या अंगवळणी पाडली. कागदाच्या तळाशी छापणाऱ्याचं नाव पाहिजे म्हणजे पाहिजे. त्यामुळं कुठलाही छापील कागद घ्या, तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांची एक ओळ असायचीच. ती असते याची लोकांना इतकी सवय झाली, की ती वाचायचं सगळ्यांनीच सोडून दिलं.

आता मुद्द्याची गोष्ट. पुंजारामच्या कॉम्प्युटरवर मराठी उमटायची ती 'अक्षरवेल' नावाच्या प्रोग्रॅममुळं. हा प्रोग्रॅम नाशिकच्या एका गृहस्थानं बनवला होता. विकत घेतला की फ्लॉप्यांसोबत एक छोटं कुलूप मिळायचं, आगपेटीएवढं. ते कॉम्प्युटरच्या पाठीमागं लावायचं, तेव्हा प्रोग्रॅम चालायचा. वाळूजच्या एका कारखान्यानं तो रीतसर घेतला होता. त्या कारखान्याच्या कॉम्प्युटर खोलीत काम करणाऱ्या भिकननं कुठूनसं ते कुलूप फसवण्याचं तंत्र मिळवलं आणि शहरातल्या निम्म्या दुकानांना अक्षरवेलीची फांदी लावून दिली. पुंजारामच्या दुकानातली वेलही त्याच फांदीची.

तिकिटासाठी कंडक्टरच्या मागं धावणाऱ्या माणसाला हे चाललं कसं? तर त्याच्याकडं उत्तर तयार होतं, आणि ते तो न विचारताही द्यायचा.

"हे बघा, चोरी कशाला म्हणायचं? तुमची सायकल मी नेली, तर तुम्ही पायी जाताल. ती चोरी. इथं नाशिकवाल्याचा माल नाशिकला जसाच्या तसा हाय. त्याचं काय कमी झालं? शेजारणीकडून आपण विरजण आणतो. चमचाभर दही. तिचं गाडगं रिकामं होतं का? आपलंबी दही लागतं, तिचंबी राहतं. मंग याला चोरी म्हनायचं काहून?"

हे विरजणाचं उदाहरण त्याला इतकं आवडायचं की सांगून झाल्यावर तो थोडा वेळ स्वतःच त्याची चव घेत बसायचा.

अशा या इमानदार माणसाच्या मुलीला कन्नडजवळच्या वाडीतलं स्थळ आलं. मुलगा बद्रीनाथ, कन्नडला शाळेत मास्तर, स्वभावानं गरीब. त्याचे वडील काकासाहेब, बागायतदार, गावात वजन असलेले. लक्ष्मीनं लग्नानंतर कन्नडच्या बाजारपेठेत स्वतःचं जुळणीचं दुकान काढायचं, हेही ठरलं. मुलीला मुलगा आवडला होता. तिनं तसं सांगितलं नाही, पण त्या आठवड्यात तिच्या हातून एका पतपेढीच्या अहवालात अध्यक्षांच्या जागी दोनदा बद्रीनाथ टाइप झालं.

सुपारी फुटायच्या दिवशी पुंजारामनं माती केली. ओसरीवर सगळी मंडळी बसली होती. वर पंखा फिरत होता. पुंजारामनं पंख्याकडं पाहिलं, पंख्याच्या वायरीचा माग काढत तो नजरेनंच बाहेर गेला, आणि वायर जिथं संपली तिथं शेतावरून जाणाऱ्या वीज बोर्डाच्या तारेवर एक वाकवलेला आकडा लटकत होता.

"काकासाहेब," तो भरल्या ओसरीत म्हणाला, "माझी एकच अट हाय. हुंडा-मानपानाचं तुम्ही बोलला नाय, मीबी बोलत नाय. पण माझ्या लेकीच्या मांडवात चोरीचा उजेड नको."

ओसरीवर पंखा सोडून सगळं थांबलं. काकासाहेबांचे कान लाल झाले. आयुष्यात त्यांना असं कुणी बोललं नव्हतं, आणि तेही त्यांच्याच पंख्याखाली बसून. पण चार माणसांत आकड्याची बाजू घ्यायची तरी कशी? "जनरेटर आणू," ते म्हणाले. एवढे दोनच शब्द, पण जड होते. लग्न त्यांच्या दारात होणार होतं, तेव्हा जनरेटरही त्यांनाच आणायचा होता.

 घरी आल्यावर द्वारकाबाई म्हणाली, "लेक तिथं नांदायची हाय. ज्या पंख्याखाली बसलात त्याच पंख्याखाली तिला जेवायचं हाय. आता तुमच्या हातून एवढीशी जरी चूक झाली ना, तर तो माणूस सोयरीक मोडंल."

"माझ्या हातून कशी होईल?" पुंजाराम म्हणाला, आणि खरंच त्याला ते समजेना.

लग्नाची पत्रिका त्यानं स्वतः जुळवली. नवरीनं आपलीच पत्रिका टाइप करणं बरं दिसत नाही, म्हणून लक्ष्मीला उठवलं आणि दोन बोटांनी दोन दिवस खपून वर कुलदैवताचं नाव, मध्ये गणपती, खाली 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' असं सगळं रीतीनं मांडलं. पडद्यावर चार वेळा तपासलं. मग बटर पेपरवर प्रिंट काढून तो कागद छापखानेवाल्या सोनाजीकडं पाठवला. सोनाजीनं पाहिलं, तळाशी मुंगीएवढी ओळ आहे. त्याला वाटलं, पुंजारामनं आपल्या छापखान्याचं नाव आठवणीनं टाकलं. तो खूश झाला आणि पत्रिका एका दिवसात छापून दिल्या. काकासाहेबांच्या वाट्याचा गठ्ठा परस्पर कन्नडच्या बसमध्ये ड्रायव्हरकडं दिला गेला.

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई पत्रिकांच्या कोपऱ्यांना हळदी-कुंकवाची बोटं लावत बसली होती. पहिली पत्रिका देवापुढं ठेवायची, मग पाहुण्यांना. तिला अक्षर येत नव्हतं, पण कोऱ्या जागा बरोबर दिसायच्या.

"हे तळाला मुंग्यांवानी काय लिव्हलंय? कुंकू लागलं तर चालंल का त्याला?"

"ते छापणाऱ्याचं नाव अस्तंय," पुंजाराम म्हणाला, चष्मा लावला आणि देवासमोर उभा राहून खणखणीत आवाजात वाचू लागला. "हा मजकूर अक्षरवेलच्या चोरलेल्या प्रतीवर जुळवला आहे. मूळ प्रतीसाठी नाशिक येथे फोन…"

फोनचा नंबर वाचायच्या आधीच त्यानं पत्रिका पालथी घातली.

लक्ष्मी धावत दुकानात गेली, जुनी कामं काढून बसली आणि थोड्या वेळानं कागदांची चळत घेऊन परत आली. एप्रिल लागल्यापासून निघालेल्या प्रत्येक कागदावर ती ओळ होती. नाशिकच्या गृहस्थानं प्रोग्रॅमच्या पोटातच ती लपवून ठेवली होती: कुलूप नसलेली प्रत असेल तर ठरलेल्या तारखेनंतर ओळ उमटायची, तीही पडद्यावर नाही, फक्त कागदावर. पतपेढीच्या अहवालावर ती होती, भजनी मंडळाच्या पावतीपुस्तकावर होती, आणि 'रहिवाशांनो, चोरांपासून सावध राहा' असं सांगणाऱ्या शेजारच्या कॉलनीच्या पत्रकावरही होती. कुणी म्हणजे कुणीही ती वाचली नव्हती.

"काकासाहेब वाचतील," पुंजाराम खाली बसत म्हणाला. "ते माझं काहीतरी शोधायलाच बसलेत."

"बाबा," लक्ष्मी हळूच म्हणाली, "आणि माझ्या आंदणात तुम्ही तो फ्लॉप्यांचा डबा ठेवलाय."

ठेवला होता खरा. मुलीच्या दुकानासाठी म्हणून त्यानं अक्षरवेलची आणखी एक प्रत काढून, फ्लॉप्या स्टीलच्या डब्यात घालून, डब्यावर कुंकवाचं बोट उमटवून तो आंदणाच्या भांड्यांत ठेवला होता. मुलगी सासरी गेली तरी हा एक माल असा, की दिला तरी घरात राहतो, याचं त्याला मोठं कौतुक होतं.

"पण मी म्हणतो त्यात चूक काय हाय?" त्यानं शेवटचा प्रयत्न केला. "विरजण तूबी आणतीच ना शेजारच्या चंपाबाईकडून?"

द्वारकाबाईनं कुंकवाचं बोट पदराला पुसलं. "आणती की. दारात उभी राहून मागती. ती 'घे बाई' म्हंती, मंग घेती. चंपाबाई झोपली आसताना तिच्या घरात शिरून दह्यात चमचा नाय घालत."

पुंजाराम इतकी वर्षं ते उदाहरण देत होता. मागणं हा भाग त्यानं कधी त्यात घातलाच नव्हता.

तो मिळेल त्या एसटीनं कन्नडला निघाला. तिकीट आधी काढलं, पण ह्या वेळी त्यात काही गोडी वाटली नाही. कंडक्टरनं ओळखून हसून नमस्कार केला, तेव्हा तर तो खिडकीबाहेर बघू लागला. लग्न मोडलं तर लक्ष्मी काही बोलणार नाही हे त्याला माहीत होतं. ती मशीनवर बसेल आणि खाली मान घालून दुसऱ्यांच्या पत्रिका टाइप करील. 

कन्नडहून जीपनं वाडीत पोचला तेव्हा काकासाहेब ओसरीवरच होते. मांडीवर पत्रिका, नाकावर चष्मा. त्यांनी वर पाहिलं, जवळ बसलेल्या भाऊबंदांपैकी आप्पासाहेबांना आणि शेजारच्या भागूबाईंना "जरा वावरात जाऊन या" म्हणून घालवलं आणि उठून अंगणाचं दार लावून घेतलं. 

"ही खालची वळ," काकासाहेब म्हणाले. "खरी हाय का?"

"खरी हाय," पुंजाराम म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवयच नव्हती. आणि ऐन वेळी ती कुठून येणार?

काकासाहेबांनी त्याला कडकडून मिठी मारली.

"आरं देवा! व्याही, जीव भांड्यात पडला माझा! सुपारीपासनं मला झोप नव्हती. म्हनलं, असला कोरा माणूस आपल्या घरात कसा सोसायचा? दिवाळीला येणार, पंख्याकडं बघणार. पंचमीला येणार, हिरीवरच्या मोटारीकडं बघणार. मी तर सोयरीक मोडायचा निरोप धाडणार होतो बगा. आन् सकाळी ही वळ वाचली!"

"माझं जरा वेगळं हाय, काकासाहेब—"

"काही वेगळं नाय. तार माझ्या वावरावरून जाती. खांब माझ्या बांधात रोवलाय, मला इचारून रोवला का? वीज तर वाहतीच हाय, मी नाय घेतली तर पुढं जाणार. त्यांचं काय कमी झालं?"

पुंजारामला आपलंच जेवण दुसऱ्याच्या ताटात दिसावं तसं झालं. "पण माझ्यात मूळ माल मालकाकडंच राहतो," तो कळवळून म्हणाला.

"माझ्यातबी तार बोर्डाकडंच राहती," काकासाहेब म्हणाले आणि दार उघडून गावाला हाक मारली.

मग जे झालं ते पुंजाराम कधी विसरला नाही. त्याला लोडाशी बसवलं. चहा आला, त्यात सायीचा गोळा होता. आप्पासाहेब जवळ सरकून, पाटाला रात्रीतून पाइप कसा लावायचा ते प्रेमानं सांगू लागले. सरकारचं पाणी म्हणजे आपलंच, यावर त्यांचा मोठा भर होता. भागूबाईंनी मिसरूड फुटलेल्या नातवाला अर्ध्या तिकिटावर कसं नेते ते सांगितलं. पोरगं गुडघ्यावर बसतं, त्यालाच त्रास होतो, मग भाडं कसलं? जो तो आपली गोष्ट आणून त्याच्या पुढ्यात ठेवत होता. आणि प्रत्येक नवीन माणसाला काकासाहेब त्याच शब्दांत ओळख करून देत होते.

"हे आमचे व्याही. आपल्यातलेच हायत."

जनरेटर रद्द झाला, हे वेगळं सांगायला नको. पुंजाराम नाही म्हणू शकला नाही, कारण नाही म्हणायला जे तोंड लागतं ते तो त्या पत्रिकेपायी गमावून बसला होता.

सोयरीक वाचली होती. आनंद व्हायला हवा होता. पण कन्नडच्या स्टँडवर परत आल्यावर पुंजारामला राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना म्हणून नाशिकच्या गृहस्थावर आला. दुसऱ्याच्या लेकीच्या पत्रिकेवर असली ओळ टाकायची म्हणजे काय? तो तरातरा एसटीडी बूथमध्ये शिरला, खिशातली पत्रिका काढली आणि तळाचा नंबर फिरवला.

"अक्षरवेल," पलीकडून म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला.

"मी औरंगाबादहून बोलतो. तुमच्या प्रोग्रॅमची ती वळ आलीया माझ्या कागदावर."

 तो आवाज आतल्या खोलीत ओरडला, "अगं ए, फोन आला! चोराचा फोन आला!" आणि पुन्हा फोनवर, धापा टाकत, "बोला, बोला. ठेवू नका हं. तुम्ही पहिलेच. माणूस चोरतोय म्हणजे त्याला हवं आहे, असं मी धरून चाललो होतो. पण एप्रिल गेला, मेचा आठवडा गेला, कुणी फोन करेना. बायको म्हणाली, तुमची वेल चोरायच्याही लायकीची नाही. मला तेच खरं वाटायला लागलं होतं. बरं, मला सांगा, रफार जागेवर बसतो का?"

पुंजाराम भांडायला आला होता. पण रफाराचं नाव काढल्यावर त्याला राहवेना. "बसतो. पण 'ऱ्या' मोठ्या टायपात फुटतो."

"फुटतो? अरे बापरे. थांबा, लिहून घेतो. आणि 'ट्ट' कसा वाटतो? त्याच्यावर मी एक अख्खा उन्हाळा घालवलाय."

"'ट्ट' लई देखणा हाय," पुंजाराम म्हणाला, आणि ते खरं होतं. तो इतकी वर्षं त्या 'ट्ट'कडं बघत आला होता, पण तो कुणीतरी बसून, उन्हाळाभर घाम गाळून काढला असेल, हे त्याच्या मनात आलंच नव्हतं. त्याला तर वाटायचं, अक्षरं फ्लॉपीतून येतात.

"फार बरं वाटलं," म्हातारा म्हणाला. "आणि ओळ कसल्या कागदावर आली हो?"

"पोरीच्या लग्नाच्या पत्रिकेवर."

 तो माणूस अगदी हळू आवाजात म्हणाला, "लग्नाच्या पत्रिकेवर? छे छे. हे माझ्या डोक्यातच आलं नाही हो. मला वाटलं, बिलांवर वगैरे येईल. पाहुण्यांत तुम्हाला खाली बघायला लागलं असेल. माफ करा मला."

 ज्याच्या घरात शिरून आपण दह्यात चमचा घातला, तो आपल्याला माफ करा म्हणत होता. त्याला मनापासून लाज वाटली; काचेखालच्या तिकिटाची वाटली, विरजणाच्या उदाहरणाची तर सगळ्यांत जास्त वाटली. बूथवाला काचेवर टकटक करू लागला, तरी त्यानं फोन ठेवला नाही.

"मला दोन प्रती पाह्यजेत," तो म्हणाला. "एक माझ्या दुकानाला, एक लेकीच्या. कुलपासकट. देताल का?"

म्हातारा देणार होताच. त्याच्याकडं माल पडूनच होता.

घरी आल्यावर पुंजारामनं आधी काचेखालचं तिकीट काढून टाकलं. मायलेकींनी उरलेल्या पत्रिकांच्या तळाची पट्टी कात्रीनं कापली. पाहुण्यांना वाटलं, शहरात आता अशाच आखूड पत्रिकांची पद्धत आहे, आणि सोयगावच्या दोन घरांनी तर पुढं मुद्दाम आखूडच छापून घेतल्या. आंदणाच्या भांड्यांतला स्टीलचा डबा रिकामा झाला आणि त्यात नाशिकहून आलेल्या फ्लॉप्या आणि आगपेटीएवढं कुलूप गेलं. द्वारकाबाईनं शेजारी चंपाबाईच्या घरचं विरजण घातलेल्या दह्याची कडीची बरणी ठेवली. मागून आणलेलं, असं तिनं नवऱ्याकडं न बघता सांगितलं.

लग्नाचा मुहूर्त गोरज होता. काकासाहेबांनी मांडव असा उजळला होता की कन्नडच्या रस्त्यावरून दिसावा. रंगीत माळा, दिव्याचा मोर, दाराशी फिरतं चक्र. आणि ह्या सगळ्याच्या वायरी एकत्र होऊन, मोठ्या डौलात, वावरातल्या तारेपर्यंत गेल्या होत्या. ह्या वेळी एक नाही, तीन आकडे होते. "व्याह्याच्या मानाचे," काकासाहेब म्हणाले.

नवरा-नवरी पाटावर येऊन उभी राहिली. भटजींनी अंतरपाट मागवला. पुंजारामनं लक्ष्मीकडं पाहिलं. रंगीत उजेडात तिचा चेहरा एकदा हिरवा, एकदा तांबडा होत होता.  मागच्या वेळी तो भरल्या ओसरीत बोलला होता. ह्या वेळी त्यानं काकासाहेबांना खांद्याला धरून मांडवाच्या खांबाआड नेलं आणि हात जोडले.

"काकासाहेब, अट नाय. अट घालायचा मला आता हक नाय. मागणं हाय. अक्षता पडंपर्यंत तेवढं आकडे काढा."

काकासाहेबांना आधी ती थट्टा वाटली. "आवो, तुमचं-आमचं ठरलं ना? तुम्हीबी तसलेच—"

"आता नाय राह्यलो." पुंजारामनं चोरट्यासारखं इकडंतिकडं पाहिलं आणि खिशातून दुकानासाठीचं दुसरं कुलूप काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. "मूळ प्रत घेतली. दोन्हीबी."

काकासाहेबांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "हे यवढंसं?"

"व्हय."

"म्हंजे तुम्ही परत इमानदार झाला?"

"व्हय."

काकासाहेबांनी ते कुलूप परत त्याच्या हातात कोंबलं. "आवो व्याही," ते रडकुंडीला येऊन म्हणाले, "पोरीच्या डोक्यावर अक्षता पडंपर्यंत तरी चोर राहायचं होतं!"

पण समोरचा माणूस हात जोडून उभा होता. भांडण असतं तर काकासाहेब रात्रभर भांडले असते, त्यांना त्यात हार माहीत नव्हती. मुलीच्या बापानं मागितलेलं नाही म्हणणं मात्र त्या घरात कधी झालं नव्हतं. त्यांनी भिंतीशी टेकवलेला लांब बांबू उचलला, कुणाला हाक न मारता स्वतः वावरात गेले आणि एकामागून एक तिन्ही आकडे खाली पाडले.

मांडवात अंधार झाला. एकच गलका उठला. आप्पासाहेब "बोर्डाचा निषेध असो" म्हणून ओरडले. मग कुणीतरी ट्रॅक्टर फिरवून त्याचे दिवे मांडवावर टाकले, घराघरातून कंदील आले, आणि त्या पिवळ्या उजेडात मंगलाष्टकं सुरू झाली. भटजींना पोथी दिसेना, म्हणून त्यांनी येत होती तेवढीच म्हटली, आणि लग्न लवकर लागलं. लक्ष्मीचा चेहरा आता एकाच रंगाचा होता. तिनं हार घातल्यावर बापाकडं पाहिलं आणि हसली, आणि इतका वेळ दम धरून उभा असलेला पुंजाराम भडभडून रडायला लागला.

काकासाहेब त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. हातात अजून बांबू होता. त्यांनी उरलेल्या अक्षता टाकल्या, त्या पुढच्या भागूबाईंच्या डोक्यावर पडल्या.

"एक आत्ताच सांगून ठेवतो," ते पुंजारामच्या कानाशी लागून म्हणाले. "उद्या सकाळी आकडा परत टाकणार हाय. मागनं म्हनू नका, न सांगता टाकला."

पुंजारामनं उपरण्यानं डोळे पुसले. ह्यावर सांगण्यासारखं त्याच्याकडं एक उत्तम उदाहरण होतं, मागून घेतलेल्या दह्याचं. ते जिभेवर आलं होतं. पण मांडवात द्वारकाबाई त्याच्याकडंच बघत होती, म्हणून त्यानं ते गिळलं आणि काकासाहेबांच्या हातातला बांबू घेऊन भिंतीला टेकवून ठेवला.